दुसरा-तिसरा टीव्ही घरच्या नेटवर्कला जोडताना

पहिला टीव्ही नेटला जोडताना कुणाला फारसा विचार करावा लागत नाही. राउटर बहुधा त्याच खोलीत असतो, कधी कधी तर टीव्हीच्याच कपाटावर. पासवर्ड टाकला की काम झालं. दुसरा टीव्ही झोपायच्या खोलीत लागतो, तिसरा वरच्या मजल्यावर, आणि मग रोज रात्री पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरत बसतं. घरातले लोक आधी टीव्हीला बोल लावतात, मग कनेक्शनला, आणि शेवटी कुणीतरी आणखी महागडा प्लॅन घेऊन येतं. चक्र मात्र फिरतच राहतं, कारण दोष बहुतेक वेळा राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या दहा-बारा मीटरमध्ये असतो.

माझा नियम साधा आहे: जी वस्तू हलत नाही, तिला वायर. फोन खिशातून फिरतो, लॅपटॉप या खोलीतून त्या खोलीत जातो, त्यांना वायफायशिवाय गत्यंतर नाही. टीव्ही एकदा भिंतीला टांगला की पाच-सात वर्षं तिथून हलत नाही. तो हवेतून नेट ओढतो तेव्हा फोनांच्या वाट्याची हवाही खातो. प्रत्येक घरात वायर नेता येतेच असं नाही, त्याचे पर्याय पुढे दिले आहेत. पण सुरुवात वायरच्या विचाराने करा.

आधी नक्की काय हवंय ते ठरवा

‘दुसऱ्या टीव्हीवर पण लागलं पाहिजे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. पहिली, सेट-टॉप बॉक्सवर दिसणारे चॅनेल दुसऱ्या खोलीतही दिसावेत. तो प्रश्न केबल किंवा डिशचा आहे, त्यासाठी वेगळा बॉक्स लागतो, नेटवर्कचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरी, दोन्ही टीव्हींवर एकाच वेळी एकच चित्र दिसावं. ते काम एचडीएमआय स्प्लिटर करतो, तिथेही नेटवर्क लागत नाही. तिसरी, प्रत्येक टीव्हीवर ज्याला जे हवं ते ॲपमधून बघता यावं. हा लेख तिसरीबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट आधीच बघून ठेवा. तुम्ही ज्या ॲपचे पैसे भरता त्याच्या तुमच्या प्लॅनमध्ये एका वेळी किती पडदे चालतात? बऱ्याच ॲपांची याला मर्यादा असते. ती ओलांडली की तिसऱ्या टीव्हीवर सूचना येते आणि माणसं उगाच राउटर बंद-चालू करत बसतात.

मोजा, मग खरेदी करा

फोनवर स्पीड मोजायचं कुठलंही ॲप घ्या. एकदा राउटरशेजारी उभं राहून मोजा. मग नवा टीव्ही जिथे लागणार तिथे जा आणि फोन टीव्हीच्या समोर न धरता टीव्हीच्या मागे, भिंतीला टेकवून धरा. टीव्हीचा अँटेना आत, मागच्या बाजूला असतो. पडदा आणि धातूचा सांगाडा त्याच्या एका अंगाला, भिंत दुसऱ्या अंगाला. पलंगावर बसून फोनला चार काड्या रेंज दिसते म्हणून टीव्हीलाही मिळेल असं समजू नका. ही मोजणी रात्री, घरातले सगळे आपापल्या फोनला चिकटलेले असताना करा. भर दुपारी रिकाम्या घरात आलेला आकडा काही कामाचा नाही.

आकडे कसे वाचायचे? नेटफ्लिक्स स्वतःच्या सेवेसाठी ७२०पी (साध्या एचडी) चित्राला ३ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, म्हणजे नेटचा वेग), १०८०पीला (फुल एचडी) ५ आणि ४केला (त्याहून रेखीव) १५ एमबीपीएस सुचवतं. बाकीच्या ॲपांची गरजही ढोबळमानाने याच पट्ट्यात असते. म्हणजे तीन टीव्ही एकदम ४केवर चालले तरी ४५ एमबीपीएस झाले. फोन आणि लॅपटॉप धरूनही १०० एमबीपीएसचं कनेक्शन बहुतेक घरांना पुरून उरतं. राउटरशेजारी ९० आणि टीव्हीमागे ६ असं दिसलं, तर प्लॅन वाढवून काही उपयोग नाही, रस्ता सुधारायला हवा. राउटरशेजारीच १२ दिसत असतील, तर मात्र कनेक्शन पुरवणाऱ्याला फोन लावा. डेटाला मर्यादा असलेला प्लॅन असेल तर आणखी एक हिशेब करून ठेवा: नेटफ्लिक्सवर ४के एक तास पाहिलं की सुमारे ७ जीबी जातात.

राउटर हलवून बघा, फुकट आहे

राउटर टीव्हीच्या कपाटात, दाराआड, जमिनीलगत असेल तर तो आधी बाहेर काढा. घराच्या मध्याजवळ, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी या गोष्टी वायफायच्या वाटेत आल्या की सिग्नल खातात.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती ओलांडतो, पण हळू असतो आणि त्यात शेजारीपाजारी, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळ्यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण दोन जाड भिंती मध्ये आल्या की दमतो. टीव्ही राउटरच्या खोलीत किंवा लगतच्या खोलीत असेल तर ५, त्यापलीकडे असेल तर दोन्ही लावून बघा आणि टिकेल तो ठेवा. टीव्हीच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचं नावच दिसत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायचा चॅनेल (त्या पट्ट्यातली छोटी मार्गिका, टीव्हीचा चॅनेल नव्हे) ३६ ते ४८ पैकी एक निवडा. ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनेल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, आणि काही टीव्ही नि स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला लावून ॲप चालवायची कांडी) तिकडे बघतच नाहीत. २.४ वर १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, तेव्हा त्यांतला कमी गर्दीचा घ्या.

वायर टाकणं

कॅट-६ प्रतीची नेटवर्क केबल घ्या. घरातल्या टीव्हीसाठी कॅट-५ईसुद्धा पुरते, दोन्हींवर १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेग चालतो आणि इतकं लांब घर सहसा नसतंच. पण एकदा भिंतीत घातलेली केबल पुन्हा काढायची नसते, म्हणून कॅट-६. विकत घेताना एकच प्रश्न विचारा: आतली तार निव्वळ तांब्याची आहे, की तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची? दुसरी स्वस्त असते, हलकी लागते, आणि भिंतीतल्या वळणावर तुटली की कुठे तुटली ते शोधताना नाकी नऊ येतात.

विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ही केबल नेऊ नका. सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट आणि सिग्नललाही वाईट. वेगळा पाइप किंवा भिंतीलगतची पट्टी वापरा. विजेच्या तारेला ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा, शेजारून समांतर नेऊ नका. जुन्या टीव्ही केबलचा रिकामा पाइप असेल तर उत्तम: जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधायची, चिकटपट्टीने गुळगुळीत गुंडाळायची आणि पलीकडून ओढायची. एक जण ओढतो तेव्हा दुसऱ्याने इकडून केबल सोडत राहायची. एकट्याने केलं की ती हमखास कुठेतरी पिळा घेते.

दुकानातून तयार टोकांची केबल आणलीत तर हा परिच्छेद सोडून द्या. पण भिंतीच्या भोकातून कनेक्टर (टोकाचा प्लास्टिकचा प्लग) जात नाही, म्हणून बरेच जण केबल आधी ओढतात आणि टोकं नंतर लावतात. वरचं आवरण अडीच सेंटिमीटर सोला, आतले चार पीळ उकला, आठ तारा बोटांनी दाबून सरळ करा. कनेक्टर असा धरा की प्लास्टिकचा खटका तुमच्या विरुद्ध बाजूला आणि केबल जायचं तोंड खाली येईल. आता डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. तारा एका रेषेत कापा, आत सारा, आठही टोकं कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आवरणही थोडं आत गेलं पाहिजे. मग क्रिम्पिंग टूलने (कनेक्टर दाबून बसवायच्या पक्कडीने) करकचून दाबा.

दाबायच्या आधी त्या आठ टोकांकडे टॉर्च मारून बघा, असं मी आता दर वेळी सांगतो, कारण मी एकदा बघितलं नव्हतं. शेवटची तपकिरी तार जेमतेम मिलिमीटरभर मागे राहिली होती. टीव्ही झकास चालला. सहा महिने मी स्वतःच्या हातांवर खूश होतो. मग त्याच केबलवर स्विच (एका केबलचे अनेक पोर्ट करणारी डबी) लावून कॉम्प्युटर जोडला, तर वेग काही केल्या १०० एमबीपीएसच्या वर जाईना. १०० च्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात, डावीकडून १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. टीव्हीला त्या तपकिरी तारेची गरजच नव्हती, म्हणून त्याने कधी तक्रार केली नाही. केबल टेस्टर नावाची दोन तुकड्यांची छोटी डबी मिळते, ती आठ दिवे एकामागून एक लावून दाखवते. ती असती तर एका मिनिटात कळलं असतं.

यातून दुसरी एक गोष्ट निघते. बहुतेक टीव्हींना, अगदी महागड्यांनासुद्धा, लॅन पोर्ट (नेटवर्क केबल खोचायचं भोक) १०० एमबीपीएसचाच देतात. वायर लावून टीव्हीवर स्पीड मोजलात तर ९४-९५ दिसतील, आणि त्याच टीव्हीवर वायफायने कदाचित २०० दिसले असतील. वायर खराब आहे असं वाटून काढू नका. ॲपला १५-२० लागतात. वायर तेवढे सलग देत राहते, वायफायवर मात्र आता २०० तर मघाशी ८ असे असतात. चक्र फिरतं ते त्या ८ वर.

राउटरचे पोर्ट संपले तर

राउटरच्या मागे साधारण चार लॅन पोर्ट असतात, आणि बहुधा वेगळ्या रंगाचा एक वॅन पोर्ट असतो. त्यात बाहेरून आलेलं कनेक्शन असतं, त्याला हात लावू नका. लॅन पोर्ट कमी पडले की साधा गिगाबिट स्विच घ्या. त्यात सेटिंग काहीच नसतं: राउटरच्या एका लॅन पोर्टातून त्याला केबल द्या, उरलेल्या पोर्टांवर टीव्ही. पाच पोर्टांच्या स्विचमध्ये हाती चारच येतात, एक राउटरकडे जातो. टीव्हीशेजारी गेमचं यंत्र, सेट-टॉप बॉक्स असं बरंच काही असेल तर स्विच तिथेच ठेवा, म्हणजे भिंतीतून एकच केबल न्यावी लागते.

आवराआवर करताना एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली जाणार नाहीत हे बघा. साधा स्विच असेल तर त्या वेटोळ्यात डेटा फिरत राहतो आणि घरातलं सगळं नेटवर्क बसतं. सुटलेली केबल दिसली की मोकळ्या भोकात टाकायची सवय पुष्कळांना असते.

वायर नेताच येत नसेल तर

भाड्याचं घर, फरशी नुकतीच बसवलेली, घरमालक खिळाही मारू देत नाही. अशा वेळी माझी पसंती या क्रमाने.

टीव्ही केबलची जाड कोॲक्स तार खोल्याखोल्यांत आधीच फिरवलेली असेल तर मोका नावाचे ॲडॉप्टर तिच्यावरून नेटवर्क नेतात. मोका २.५ ची मर्यादा २.५ गिगाबिटपर्यंत आहे, म्हणजे जवळपास वायरच. मात्र छतावरच्या डिशकडून येणारी चालू तार यासाठी वापरू नका, दोन्हींच्या लहरी एकाच पट्ट्यात येतात.

त्यानंतर मेश. दोन-तीन डब्या घरभर एकच वायफाय पसरवतात. इथे एक युक्ती आहे: डबी टीव्हीच्या कपाटावर ठेवा आणि डबीच्या लॅन पोर्टातून टीव्हीला छोटी वायर द्या. टीव्हीच्या लपलेल्या अँटेनापेक्षा डबीचा अँटेना कितीतरी चांगला असतो.

मग पॉवरलाइन, विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारी जोडी. काही घरांत हे अफलातून चालतं, काहींत अजिबात नाही, आणि लावून बघितल्याशिवाय कळत नाही. परत करता येत असेल तरच घ्या. भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. घरात तीन फेज असतील आणि दोन सॉकेट वेगळ्या फेजवर आले तर आशा कमी. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे तर बघूच नका.

सगळ्यात शेवटी रिपीटर, राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. घेतलातच तर टीव्हीशेजारी ठेवू नका. तिथे रेंज नाही म्हणून तर तो आणला ना? अर्ध्या वाटेवर, जिथे राउटर अजून नीट ऐकू येतो तिथे ठेवा.

घरात जुना राउटर पडला असेल तर तोही वापरता येतो, पण त्याला ॲक्सेस पॉइंट (मुख्य राउटरचंच नेटवर्क वायफायने पसरवणारी डबी) करून घ्या. तशी सोय नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला मुख्य राउटरहून वेगळा पत्ता द्या (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२) आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये नाही. वॅनमध्ये लावलीत तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. नेट चालतं, पण या खोलीतल्या फोनला त्या खोलीतला टीव्ही दिसत नाही.

टीव्हीवरचं काम

वायर लावली असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क उघडून ‘वायर्ड’ निवडा, बाकी आपोआप होतं. वायफाय असेल तर नाव निवडून पासवर्ड. रिमोटने पासवर्ड टाकणं ही एक शिक्षाच आहे, आणि लहान-मोठ्या अक्षरांत एक चूक झाली की पहिल्यापासून सुरू. फोनवर त्या टीव्हीचं रिमोट ॲप चालत असेल तर कीबोर्ड तिथून मिळतो. पासवर्ड बरोबर असूनही जुना टीव्ही जुमानत नसेल तर राउटरची वायफाय सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर आहे का बघा. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवली की तो बहुधा येतो.

टीव्ही स्मार्ट नसेल तर एचडीएमआयमध्ये स्ट्रीमिंग स्टिक लावा. तिच्यासोबत आलेला चार्जर वापरा, टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. जुन्या यूएसबी २.० पोर्टाकडून ५०० मिलिअँपिअरचीच हमी असते, मग स्टिक मधूनच रीस्टार्ट होते आणि आपण नेटला शिव्या घालतो. स्टिकसोबत एचडीएमआयची वीतभर वाढीव तार मिळाली असेल तर तीही लावा. टीव्हीच्या पाठीमागून ती जराशी बाहेर डोकावली तरी रेंज सुधारते.

जोडणी झाली की सॉफ्टवेअर अपडेट चालवा आणि तारीख-वेळ आपोआप ठेवा. घड्याळ चुकीचं असेल तर ॲप सर्व्हरचं प्रमाणपत्र नाकारतात, आणि नेट चालू असताना ‘कनेक्ट होत नाही’ असं दिसतं.

सेटिंगमध्ये आहातच, तर पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय शोधून बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं, गोड नाव देते. अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ या टीव्ही कंपनीने अशाच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली होती.

तरीही अडलं तर

टीव्हीच्या नेटवर्क माहितीत आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर टीव्हीला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल नीट खोचली आहे का, खटका तुटला नाही ना, हे आधी बघा, मग राउटर बंद-चालू करा. पत्ता १९२.१६८ चा आहे पण ॲप चालत नाहीत, तर घड्याळ आणि बाहेरचं कनेक्शन तपासा. एकच ॲप अडतंय आणि बाकीची चालताहेत, तर नेटवर्कला हात लावू नका, ते ॲप काढून पुन्हा टाका.

फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दोन्ही एकाच नेटवर्कवर असावे लागतात. टीव्ही गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाकला असेल तर राउटर मुद्दामच त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो.

घरच्या कॉम्प्युटरवर साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर बघणार असाल तर माझ्या वायरच्या नियमाला एक अपवाद आहे. ४के ब्लू-रे डिस्कच्या मूळ प्रतीचा वेग १०० एमबीपीएसच्या वरही चढतो आणि टीव्हीचा १०० चा पोर्ट तिथे कमी पडतो. अशा वेळी जवळच्या राउटरवरचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय सरस ठरू शकतं. ते साध्या चित्रपट-मालिका बघणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

सगळं चालू झालं की केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ‘वरची खोली’, ‘पाहुण्यांची खोली’ असं लिहून टाका, आणि स्विचला वीज देणाऱ्या प्लगवरही लिहा. झाडलोट करताना हाच प्लग काढून तिथे दुसरं काहीतरी लावलं जातं.